शेवाळाची सरासरी

मोंगी, ६ मार्च २०१९, राखेचा बुधवार

लिबार्दो,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन वाजत राहतो, मग एक बाई सांगते की हा माणूस सध्या बोलू शकत नाही. मी तिला विचारलं, जेवला का तो. तिने तेच वाक्य परत म्हटलं. आता हे पाकीट दुपारची बस चालवणाऱ्या आनिबालकडे देणार आहे. बोगोताला पोचल्यावर तुझ्या कचेरीच्या दारात स्वतः नेऊन देईन म्हणालाय. तो फोनसारखा नाही, त्याला विचारलं तर उत्तर देतो.

अक्षर मार्लेनीचं आहे, ते तू ओळखशीलच. बोलणं माझं. ऐंशी वर्षांत मी एक अक्षर शिकले नाही आणि माझ्या घरातून दोन डॉक्टर निघाले, दोघंही औषध न देणारे. तुझ्या बहिणीला हे पत्र लिहायचं नव्हतं. मी म्हटलं, तू लिहू नकोस गं, तुझा हात लिहील. माझे हात चामड्याने आणि मेणाच्या दोऱ्याने खाल्ले. कपाळावर पाद्रीबाबांनी राख लावली तेव्हा कपाळाला कळलं, पुसायला गेले तर बोटांना कळलं नाही.

निकाल लागला. मार्लेनीचा आकडा आला शून्य पूर्णांक एक्केचाळीस. एकच्या खाली गेलं की देशाच्या संशोधकांच्या यादीतून नाव जातं, हे तुला काय सांगायचं. ती रेघ तूच आखलीस.

तुझी ती मोजणी मला पाठ आहे. तू ती समजावलीस तेव्हा मी ती औषधाच्या दुकानातल्या फ्लोर आल्बाला समजावली होती, आणि किती मिरवले होते मी. म्हटलं, बघ, एखाद्या शास्त्रज्ञाचं काम कितपत चाललंय हे कसं कळणार? तर बाकीचे लोक आपल्या निबंधाच्या शेवटी एक यादी देतात, कुणाकुणाचं वाचून आम्ही हे लिहिलं त्याची. त्या यादीत तुझं नाव किती वेळा आलं ते मोजायचं. पण हृदयाच्या डॉक्टरचं नाव हजार वेळा येतं, कारण हृदयावर लिहिणारे हजारो. शेवाळावर लिहिणारे जगात मूठभर, आणि त्यातले अर्धे एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून माझा लिबार्दो काय करतो, ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या विषयाच्या सरासरीने भागतो. भागून एक आला म्हणजे माणूस आपल्या लोकांत बरोबरीचा. फ्लोर आल्बा म्हणाली, ‘‘मग तुमचा नातू न्यायी आहे, दोन्या एतेल्विना.’’ मी म्हटलं, त्याला काय, माझ्या हातची मक्याची अरेपा खाल्लीये त्याने.

ही मोजणी मला लगेच कळली, कारण मी चाळीस वर्षं फुटबॉल शिवले. मालक पोलिकार्पोच्या कारखान्यात दर शनिवारी चेंडू मोजत. पोरांचा छोटा चेंडू दोन तासांत होतो, सामन्याच्या चेंडूला दिवस जातो, पण त्याच्या वहीत दोन्ही एकच. मग त्याचा पुतण्या शहरातून शिकून आला. त्याने प्रत्येक चेंडूला त्याच्या जातीच्या वेळाने भागलं, आणि आम्ही बायका खूष झालो. एकच भानगड राहिली. फाटलेले चेंडू उसवून परत शिवायचं काम माझ्याकडे असायचं, आणि उसवलेल्या चेंडूला जात नव्हती. त्या वर्षी मी सगळ्यांत जास्त टाके घातले आणि वहीत सगळ्यांत आळशी ठरले. मी पुतण्याला म्हटलं, बाबा, तुझा भागाकार बरोबर आहे, पण मी त्यात कुठे बसते ते एकदा बघ. त्याने बघितलं नाही. फार सभ्य पोरगा होता.

मार्लेनी म्हणते, हे सगळं त्याला माहीत आहे, काय लिहायला लावतेस. लिही गं. तुझ्या शाईचे पैसे मी देते.

तिने पारामोवरच्या, म्हणजे वर डोंगरमाथ्यावरच्या ओल्या माळावरच्या, अकरा शेवाळांना नावं दिली आहेत. शेवाळाच्या नावामागे नाव देणाऱ्याचं आडनाव लावायचं अशी त्यांची रीत. म्हणजे तिकडे जपानात कुणी त्या शेवाळावर लिहिलं तर ‘आगुदेलो’ म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. पण ते नाव वाक्यात येतं, शेवटच्या यादीत येत नाही. म्हणून मोजलं जात नाही. माझं आडनाव जपानात रोज घेतात आणि तुझ्या यंत्राला ऐकू जात नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. असंच आहे, म्हणून सांगते.

विद्यापीठाने कळवलं की यादीत नाव नसलेल्यांचे करार जूननंतर पुढे चालणार नाहीत. शेवाळाची खोलीही सोडायची. तिथे बटाट्यावर काम करणाऱ्या लोकांचं थंड कपाट येणार आहे. चार हजार तीनशे पाकिटं आहेत तिची, प्रत्येकात एक चिमूट शेवाळ. पंधरा वर्षं वर धुक्यात गुडघे टेकून गोळा केलेली. खोली गेली की ती बोगोताला पाठवून द्या म्हणतात. तिथे ओल धरेल आणि कुणी उघडून बघणार नाही, असं ती म्हणते. म्हणते म्हणजे, एकदा म्हणाली.

तुला काही सुचत असेल तर कळव. आणखी एक गोष्ट सांगायची होती, पण ती या अक्षरात सांगता येत नाही. ती विचारतेय, कुठली गोष्ट. तुझं नाही गं, माझ्या गुडघ्यांचं आहे.

आजी

.

मोंगी, १३ मार्च

लिबार्दो,

अक्षर बदललं हे बघून घाबरू नकोस. मार्लेनी ठीक आहे, म्हणजे चालतेय, फिरतेय. हे अक्षर फ्लोर आल्बाचं. मी तिच्या दुकानात स्टुलावर बसलेय, आणि ती खोकल्याच्या बाटल्यांमधून जागा करून लिहितेय. गिऱ्हाईक आलं की थांबते. गोळ्यांच्या चिठ्ठ्यांपेक्षा हे वाचायला सोपं जाईल असं तिने वचन दिलंय. ती म्हणते, ‘‘तुम्ही बोला, दोन्या एतेल्विना, मी फक्त हात आहे.’’ गावात सगळ्यांत लांब कान असलेला हात आहे.

गुडघ्यांचं काही नाही. तुला ते कळलंच असेल.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तू आला होतास. तुझ्या आईच्या थडग्यावर फुलं ठेवून आपण दोघं घरी आलो आणि मार्लेनी अजून दफनभूमीतच होती, कोपऱ्यातल्या भिंतीवर काहीतरी हिरवं सापडलं म्हणून. मी बटाटे सोलत होते. तू गुळाचं पाणी पीत होतास. मी म्हटलं, या वर्षी बहिणीची मोजणी आहे, जरा लक्ष ठेव. तू म्हणालास, ‘‘आजी, सूत्राला हात नसतात. मी कुठे लक्ष ठेवू?’’ मी म्हटलं, सूत्राला नसतील, तुला आहेत. मग तू उठलास. कप धुतलास, जागेवर ठेवलास, लोकरीचा रुआना अंगावर घेतलास आणि बस पकडायला गेलास. तू कप कधी धूत नाहीस.

माझं ते वाक्य मी रोज काढून बघते. त्यात चुकीचं काही दिसत नाही. सगळ्या आज्या म्हणतात. सरपंचाला म्हणतात, डॉक्टरला म्हणतात, दुधवाल्यालाही म्हणतात, जरा लक्ष ठेव.

आता ऐक. काल मार्लेनीने निकालाचा कागद परत वाचला. तिने अर्जात वनस्पतीशास्त्र भरलं होतं. कागदावर पर्यावरण लिहिलंय. म्हणजे तिला शेवाळवाल्यांच्या, झाडवाल्यांच्या सरासरीने भागलं नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी लोकांच्या सरासरीने भागलं. मी विचारलं, हे कसं झालं. म्हणाली, ‘‘यंत्राने केलं असेल.’’ मी म्हटलं, मग अपील कर. एकोणतीस तारखेपर्यंत मुदत आहे, कागदाच्या खालीच लिहिलंय, तिनेच वाचून दाखवलं. म्हणाली, ‘‘यंत्राशी कोण भांडणार, आजी.’’ आणि कागद घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवला. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. मी तिला रडताना बघितलेलं परवडलं असतं.

मी काही विचारत नाही. तू काय केलंस, किंवा काही केलं नाहीस, ते मला लिहून पाठव. मला म्हणजे फ्लोर आल्बाच्या दुकानाच्या पत्त्यावर.

ती विचारतेय, शेवटी काय लिहू. आशीर्वाद लिही. तो फुकट असतो.

आजी

.

मोंगी, २० मार्च

लिबार्दो,

तुझं पत्र आनिबालने काल आणलं. फ्लोर आल्बाने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. एरवी ती हे एकाच वेळी करते, सरकारी तपासनीस येतो तेव्हा. मग तिने वाचलं. दोन वेळा. दुसऱ्या वेळी सावकाश. आत्ताही तीच लिहितेय, आणि आज ती मधे एकही शब्द बोललेली नाही, यावरून तू समज.

मला जे कळलं ते मी सांगते, चुकलं तर सांग. झाडवाल्यांच्या रकान्यात गेल्या काही वर्षांत बटाट्याची आणि मक्याची बियाणी करणारी मंडळी शिरली. त्यांची नावं फार ठिकाणी येतात. त्यामुळे झाडवाल्यांची सरासरी फुगली. त्यात मार्लेनी बुडाली असती. तू गेल्या वर्षीचे तक्ते काढलेस आणि बघितलंस की पर्यावरणाची सरासरी खाली आहे, त्या सरासरीने भागलं तर तिचा आकडा एकच्या वर, एक पूर्णांक दोन. मग तू तिचा अर्ज एका रकान्यातून उचललास आणि दुसऱ्यात ठेवलास. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, सगळे जेवायला गेले असताना. एका बोटाचं काम, असं तू लिहिलंयस.

आणि मग फेब्रुवारीत नव्या सरासऱ्या निघाल्या. हवामानाच्या निबंधांची मोठी लाट आली, एकेका निबंधावर दोनशे दोनशे लोकांची नावं, आणि सगळं जग ते उतरवून घेतं. ते सगळे पर्यावरणात मोजले गेले. नवी सरासरी तूच काढलीस. तुझ्याच हाताने. ज्या खोलीत तू तिला वर ठेवलंस त्या खोलीत पुराचं पाणी सोडायचं काम तुलाच होतं. एक पूर्णांक दोनचे शून्य पूर्णांक एक्केचाळीस झाले. तोवर सगळ्या अर्जांना कुलूप लागलं होतं.

लिबार्दो, मोजणारा माणूस गेल्या वर्षीच्या मापाने कसा मोजतो? कारखान्यातल्या पुतण्याने हे केलं नसतं. तो फाटलेल्या चेंडूंकडे बघत नसे, पण माप ताजं ठेवायचा.

ही थट्टा होती. जमली नाही. सध्या माझ्या थट्टा अशाच होतात, तोंडातून निघतात आणि मलाच हसू येत नाही.

तू लिहितोस की तिने अपील केलं तर ते यंत्रात बघतील, आणि यंत्र कुणी कधी काय हलवलं ते सगळं ठेवतं. तुझं नाव दिसेल. मोजणीच्या समितीतून काढतील, कचेरीतूनही. म्हणून महिनाअखेरपर्यंत तिला सांगू नकोस, मुदत जाऊ दे, पुढच्या फेरीत दोन वर्षांनी तू काहीतरी करशील. फ्लोर आल्बाने हे वाक्य वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

तुला एक सांगते. मार्लेनीने रविवारी माझ्याकडे सुया मागितल्या. चेंडू शिवायच्या, दोन्ही. मी विचारलं, कशाला. म्हणाली, ‘‘जूननंतर काहीतरी करावं लागेल. पोलिकार्पोच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली ये.’’ मी सुया दिल्या. ती दोन दिवस कारखान्यात जाऊन बसतेय. बत्तीस तुकडे, मेणाचा दोरा. मी तिला वीस वर्षं त्या कामाजवळ फिरकू दिलं नव्हतं. संध्याकाळी आली तेव्हा मी बोटं बघितली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला चीर पडलीये, तिथेच, जिथे माझ्या पडायच्या. म्हणाली, ‘‘बरं असतं गं. चेंडू झाला की झाला, कुणाला त्याचं नाव घ्यावं लागत नाही.’’

मला तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. मी सूप गरम केलं.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. मी तुला चुकीची गोष्ट मागितली, तू ती चुकीची केलीस, आणि भोगतेय ती. एवढंच झालंय. मी गप्प बसेन की नाही ते अजून ठरवलेलं नाही. मला फार घाई नाही, पण एकोणतीस तारखेला आहे.

आजी

ता. क. हे मी लिहितेय, फ्लोर आल्बा. मला मधे बोलायची परवानगी नव्हती. तुमच्या आजींनी तुमचं पत्र माझ्याकडून परत घेतलं आणि घडी करून अंगाशी धरलं. त्यांना ते वाचता येत नाही, तरी.

.

मोंगी, २५ मार्च

लिबार्दो,

मार्लेनीचं अक्षर. मी तिला म्हटलं, लिबार्दोला पत्र लिहायचंय, टेबलावर बस. ती बसली. तिला वाटलं गुडघ्यांचं असेल.

म्हटलं, मी जे सांगेन ते जसंच्या तसं लिही, मधे थांबू नकोस. थांबलीस तर मला परत सांगता येणार नाही.

लिही. नोव्हेंबरात मी लिबार्दोला म्हटलं, बहिणीवर लक्ष ठेव. त्याने ठेवलं. तिचा अर्ज वनस्पतींच्या रकान्यातून पर्यावरणाच्या रकान्यात यंत्राने नाही हलवला, त्याने हलवला. माझ्या सांगण्यावरून. तिचं भलं होईल म्हणून. त्याच्याकडचे आकडे जुने होते.

ती थांबली. मी म्हटलं होतं थांबू नकोस. ती थांबली, आणि आता हे लिहितेय की ती थांबली.

ती विचारतेय, ‘‘हे तुला कधीपासून माहीत?’’ लिही, सहा दिवसांपासून. ‘‘आणि मी चेंडू शिवत होते तेव्हा तू बघत होतीस.’’ हो. सूप वाढत होते. ‘‘तू मला सुया दिल्यास.’’ दिल्या. तुझ्या आजीने दिल्या. लिही तेही.

लिबार्दो, मी हे बोलतेय आणि ती लिहितेय, पण तिच्या तोंडावर काही नाही, जशी ती वर पारामोवर भिंगातून बघते तशी माझ्याकडे बघतेय. मग म्हणाली, ‘‘मला वाटलं मीच तेवढी आहे.’’ मी म्हटलं, तेवढी म्हणजे? म्हणाली, ‘‘एक्केचाळीस. मला वाटलं, बरोबरच असेल. दादाच्या सूत्राने काढलंय, त्यात चूक कशी असेल. मी तीन आठवडे त्या आकड्याशी जुळवून घेत होते.’’

हे तुला तिच्या हातून कळतंय, हे बरं की वाईट ते मला ठरवता येत नाही.

आता पुढचं. ती अपील करणार आहे. मी तिला तसं सांगितलेलं नाही, ती स्वतः म्हणाली. त्यात एवढंच लिहिणार की मी वनस्पतीशास्त्र भरलं होतं, माझ्या विषयात मला भागा. मी म्हटलं, आणि भावाचं नाव? म्हणाली, ‘‘ते मी लिहिणार नाही. पण बदल कुणी केला ते मला माहीत नाही, असंही लिहिणार नाही. तिथे रकाना आहे, मी तो रिकामा सोडते.’’ मी म्हटलं, माझं नाव घाल, मी अंगठा देते. ती म्हणाली, ‘‘आजी, त्या अर्जात आजीला जागा नाही.’’ सगळ्या जगाची माणसं मोजतात आणि आजीला रकाना ठेवत नाहीत.

अपील गुरुवारी जाईल. आज सोमवार. मधे दोन दिवस आहेत, ते तुझे. त्यांनी यंत्रात बघण्याआधी तू जाऊन सांगितलंस तर ते सांगणं होईल. नंतर सांगितलंस तर ते सापडणं होईल. मी आणखी काही मागत नाही. तुझ्याकडे मागण्याचं माझं झालेलं आहे.

ती म्हणतेय, संपलं का. संपलं गं. वाचून दाखव.

तिने वाचून दाखवलं. सगळं होतं. थांबलेलं सुद्धा.

आजी

.

मोंगी, १७ मे

लिबार्दो,

तुझी बातमी आनिबालने आणली. तुझ्या कचेरीच्या दारावरच्या माणसाने त्याला सांगितलं, डॉक्टर आगुदेलो इथे नाहीत, मार्चअखेरपासून नाहीत. सव्वीस तारखेला तू स्वतः वर जाऊन सांगितलंस, म्हणजे तिचं अपील पोचायच्या दोन दिवस आधी. त्याच माणसाने सांगितलं की तू टेबल आवरलंस, कॅल्क्युलेटर ठेवून गेलास आणि जाताना लिफ्ट न घेता जिन्याने उतरलास. लोक काय काय बघून ठेवतात. मग आनिबालने तुझी खोली शोधून काढली. तू दार उघडलं नाहीस. हे पत्र तो दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे, ते काही तुला विचारून येणार नाही.

अपिलाचं उत्तर काल आलं. मार्लेनी ते दारातच उभ्याने वाचायला लागली. मी भात चुलीवरून उतरवला.

त्यांनी चूक मान्य केली. तिला परत वनस्पतींमध्ये ठेवलं, या वर्षीच्या ताज्या सरासरीने भागलं, सगळं तुझ्या सूत्राप्रमाणे, नीट. आला शून्य पूर्णांक त्र्याण्णव.

मी विचारलं, एकला किती कमी. म्हणाली, ‘‘सात.’’ मी म्हटलं, सात काय? म्हणाली, ‘‘सात शंभरांश.’’ मी म्हटलं, ते किती असतं? तिने विचार केला आणि म्हणाली, ‘‘चार जणांनी आपल्या यादीत माझं नाव टाकलं असतं तर झालं असतं. चार.’’ मग कागद खाली ठेवला आणि जेवायला बसली. मक्याच्या दोन अरेपा खाल्ल्या. मार्चपासून पहिल्यांदा तिने आपणहून दुसरी घेतली.

मी तिला म्हटलं, तुला काय वाटतंय? ती म्हणाली, ‘‘हा आकडा माझा आहे.’’ एवढंच. मी जास्त विचारलं नाही. मला कळलं की नाही ते मला माहीत नाही. कारखान्यात एकदा माझा चेंडू उसवला होता, सगळ्यांसमोर, आणि मी घरी जाऊन तो बघितला तेव्हा टाके माझेच होते. तसं काहीतरी असेल.

म्हणजे तू काही केलं नसतंस तरी तिचं नाव गेलंच असतं. तू सांगितलं नसतंस तरी गेलंच असतं. करार जूनमध्ये संपतोय, त्यात काही बदल नाही. तुझी नोकरी गेली ती कशासाठी गेली, हे तू त्या खोलीत बसून भागत असशील. भागू नकोस. मी काल रात्रभर भागलं, बाकी काहीच उरत नाही.

ती कारखान्यात आठवड्याचे तीन दिवस जाते. बाकीचे दिवस शेवाळाच्या खोलीत, अजून किल्ली आहे तोवर. जर्मनीतल्या कुठल्याशा म्हाताऱ्याने तिला लिहिलं, पाकिटं आम्हाला द्या, नीट ठेवू. तिने नको म्हटलं. म्हणाली, वर पारामोवरून शेवाळ खाली आणलं ते काय समुद्रापार पाठवायला? इथे राहू दे, कुणी विचारलं तर मी आहे. मी म्हटलं, इथे म्हणजे कुठे? म्हणाली, घरी. तर तुझी खोली मी तिला दिली. तुझी पदकं आणि पदवीची चौकट बाहेरच्या पडवीत ठेवली आहेत, पाऊस लागत नाही तिथे. भिंतीला आनिबालच्या भावाकडून फळ्या मारून घेतल्या, ओल धरू नये म्हणून खाली कोळसा पसरला. पाद्रीबाबा बघून गेले आणि विचारलं, हे कशासाठी. मी म्हटलं, नातीच्या पाहुण्यांसाठी. चार हजार तीनशे आहेत, जेवत नाहीत.

विद्यापीठाची खोली दहा जूनला रिकामी करायची आहे, सोमवारी. खोकी जड नाहीत, पण शहाऐंशी आहेत, आणि आनिबाल म्हणतो बसच्या टपावर पावसात नेणार नाही. टेम्पो लागेल आणि उचलायला माणूस लागेल. तू टेम्पो चालवतोस, म्हणजे पूर्वी चालवायचास, विद्यार्थी असताना, तेव्हा तीन कोंबड्या मेल्या होत्या. आता कोंबड्या नाहीत. तू कुठे झोपशील ते विचारू नकोस, खोली तर गेली. स्वयंपाकघरात बाक आहे, चुलीची ऊब असते.

मी मार्लेनीला विचारलं, त्याला बोलावू का. ती पेन हातात धरून बसली होती, हेच पत्र लिहायला. म्हणाली, ‘‘तुझं पत्र आहे, तू ठरव.’’ मी ठरवलं.

सात वाजता विद्यापीठाच्या मागच्या दाराशी. पुढचं दार त्या दिवशी थंड कपाटवाल्यांना दिलंय.

आजी

(हे खालचं आजीला वाचून दाखवलेलं नाही. प्रत्येक खोक्यावर शेवाळ जिथून आणलं त्या कड्याचं नाव आणि उंची लिहिलेली आहे. खोकी फक्त उचल. एका खोक्यातलं दुसऱ्या खोक्यात काही हलवू नकोस. — मा.)